पुनर्जन्म मानला नाही, तर बुद्धांचा धम्म पाळता येतो का?



आजचा लेख नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. हा विषय पाठ्यपुस्तकात थेट येत नाही, पण वर्गात येतो. माझ्या वर्गात तो लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर आला.

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेची सहल यंदा जुन्नरला गेली होती. शिवनेरी पाहिला आणि दुपारी लेण्याद्री. मुलांना गिरिजात्मज गणपती माहीत होता, अष्टविनायकांपैकी एक म्हणून. पण देवाचं ते दालन म्हणजे मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार आहे, हे बहुतेकांना नवीन होतं. त्या दालनाच्या भिंतींतल्या लहान लहान खोल्या दाखवून मी सांगितलं, "इथं भिक्खू राहायचे." ती सातव्या क्रमांकाची लेणी. शेजारच्या सहाव्या लेणीतलं चैत्यगृह दाखवलं, आतला स्तूप दाखवला. कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने हे चैत्यगृह दान दिल्याचा लेख तिथे आहे, हेही सांगितलं.

तेवढ्यात एकाने विचारलं, "बाई, त्याने एवढे पैसे का दिले?"

मी म्हणाले, "पुण्य मिळावं म्हणून."

दुसरा लगेच म्हणाला, "म्हणजे पुढच्या जन्मी चांगलं व्हावं म्हणून ना?"

तिसरा म्हणाला, "आम्ही बौद्ध आहोत, आमच्या घरी पुढचा जन्म वगैरे मानत नाहीत."

चौथीला जातककथा आठवल्या. "मग बुद्धांच्या मागच्या जन्मांच्या गोष्टी कशा काय?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. "शाळेत गेल्यावर बोलू," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण खरी परीक्षा उतरताना झाली. माझ्या वर्गातली एक मुलगी जन्मापासून एका पायाने अधू आहे. मी तिचा हात धरून सावकाश उतरत होते. बाकीची मुलं पुढे गेल्यावर तिने हळूच विचारलं, "बाई, माझा पाय मागच्या जन्मामुळे असा आहे का? आमच्या शेजारची आजी म्हणते."

मी तिथल्या तिथे "नाही" म्हणाले. पण घरी आल्यावर वाटलं, या "नाही"ला आधार काय? म्हणून जे वाचलं, तपासलं, ते तुमच्यासमोर मांडते आहे. प्रश्न असा आहे : बुद्धांचा धम्म पाळायचा, तर पुनर्जन्मावर विश्वास हवाच का?

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे पुनर्जन्म म्हटलं की एक चित्र डोळ्यांसमोर येतं. शरीर मरतं, आत्मा उरतो आणि जुने कपडे टाकून नवे घालावेत तसा तो नव्या शरीरात जातो. "सात जन्म हाच नवरा", "चौऱ्याऐंशी लक्ष योनी", "गेल्या जन्मीचं देणं" हे आपलं रोजचं बोलणं याच चित्रातून आलं आहे.

बुद्धांच्या शिकवणीत हे चित्र बसत नाही, कारण तिथे असा न बदलणारा आत्माच नाही. याला पालीत 'अनत्ता' म्हणतात. माणूस म्हणजे शरीर, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा सतत बदलणारा प्रवाह. मज्झिम निकायात साती नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. तो कोळ्याचा मुलगा. त्याचा समज असा झाला होता की तेच एक विज्ञान, म्हणजे तीच जाणीव, या जन्मातून त्या जन्मात फिरत राहते. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं आणि सर्वांसमोर सांगितलं की मी असं कधीच शिकवलेलं नाही. जाणीव कारणांमुळे निर्माण होते, कारण संपलं की तीही संपते.

मग लगेच प्रश्न येतो. आत्मा नाही, तर पुन्हा जन्म कोणाचा?

हाच प्रश्न यवन राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना विचारला होता. 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ अशा प्रश्नोत्तरांचाच आहे. नागसेनांनी दिलेली दोन उदाहरणं आपल्या वर्गात सहज चालतील. पहिलं दिव्याचं. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, तर पहिल्या दिव्यातून काही उचलून दुसऱ्यात ठेवलं का? नाही. तरीही पहिल्यामुळेच दुसरा पेटला. दुसरं उदाहरण तर आपल्याच धंद्यातलं आहे. राजाने लहानपणी गुरूकडून एक श्लोक शिकला होता. तो श्लोक गुरूंच्या तोंडातून निघून राजाकडे आला, म्हणून गुरूंकडचा संपला का? संपला नाही. नागसेनांचं म्हणणं असं की आत्म्याने घर बदलावं तसं इथे काही होत नाही, पण एकामुळे दुसरं घडतं एवढं खरं.

म्हणून अभ्यासक 'पुनर्जन्म' आणि 'पुनर्भव' असा फरक करतात. पाली ग्रंथांतला शब्द 'पुनब्भव', म्हणजे पुन्हा होणं. शब्द जवळचे वाटले तरी आत्म्याचा प्रवास तिथे अभिप्रेत नाही.

जुन्या ग्रंथांत पुनर्जन्म आहे, हे लपवू नये

आपण शिक्षक आहोत, तेव्हा एका बाजूचंच सांगून चालणार नाही. पाली ग्रंथांत पुढच्या-मागच्या जन्मांचा उल्लेख भरपूर आहे. बोधिप्राप्तीच्या रात्री बुद्धांना आपल्या पूर्वीच्या जन्मांचं स्मरण झालं, असं तिथे सांगितलं आहे. धम्माच्या मार्गावर पहिलं पाऊल पक्कं टाकलेल्याला 'स्रोतापन्न' म्हणतात. त्याला जास्तीत जास्त सात जन्म उरतात, असंही आहे. सम्यक दृष्टी सांगताना हा लोक आहे आणि परलोकही आहे, असं म्हटलेलं आढळतं. आपण मुलांना ससा, माकड, हत्ती यांच्या ज्या गोष्टी सांगतो त्या ५४७ जातककथा म्हणजे बोधिसत्त्वाच्या मागच्या जन्मांच्याच कथा.

श्रीलंका, म्यानमार, थायलंड इथल्या परंपरेत आजही हे मानलं जातं. तिबेटी परंपरेत तर त्यावर व्यवस्थाच उभी आहे. सध्याचे चौदावे दलाई लामा १९३५ साली जन्मले आणि लहानपणीच त्यांना तेराव्या दलाई लामांचा अवतार म्हणून ओळखलं गेलं. तेव्हा "बौद्ध धर्मात पुनर्जन्म नाहीच" असं कोणी सरसकट म्हणालं, तर ते अपुरं आहे.

जुन्नरच्या लेण्या काय सांगतात?

सुलसदत्ताकडे परत येऊ. जुन्नरच्या आजूबाजूच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा आणि मानमोडी इथे मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतले शिलालेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या भागातल्या माणसांचे हे शब्द आहेत.

दाते कोण होते? राजे कमीच, कामकरी आणि व्यापारी जास्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांची लेणी आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी यांचेही उल्लेख आहेत. यवनही आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. मिलिंद राजा यवन होता, आणि इथे आपल्या जुन्नरलाही यवन उपासक होते. हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

आता गंमत बघा. बहुतेक लेखांत दात्याचं नाव, गाव किंवा नातं, दिलेली वस्तू आणि 'देयधम' म्हणजे दान हा शब्द, एवढंच आहे. मानमोडीच्या डोंगरात नहपान राजाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष ४६ चा. त्याने टाकं आणि मंडप 'पुण्यार्थ' केल्याचं त्यात म्हटलं आहे. पुण्य म्हणजे त्याच्या मनात नेमकं काय होतं, पुढचा जन्म की आणखी काही, याचा खुलासा लेखात नाही. त्या काळच्या माणसांच्या मनात पुढचा जन्म असणार, असं मानायला हरकत नाही. पण त्यांच्या विश्वासाचं रूप काहीही असो, दगडात उरलं ते टाकं. आलेल्या-गेलेल्याची तहान त्यातल्या पाण्याने भागली. इरिलाला पुढचा जन्म मिळाला की नाही हे कोणी तपासू शकत नाही. त्याने पाण्याची सोय केली, हे मात्र आपल्याला लेखात वाचता येतं.

कालामांना दिलेलं उत्तर

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पुनर्जन्माबद्दल ज्याच्या मनात शंका आहे, त्याने काय करायचं? बुद्धांकडे हा प्रश्न आला होता आणि त्यांचं उत्तर अंगुत्तर निकायात आहे.

केसपुत्त गावचे कालाम लोक गोंधळले होते. एक साधू येतो, आपलंच खरं म्हणतो. दुसरा येतो, पहिल्याला खोटं ठरवतो. कोणाचं ऐकायचं? बुद्धांनी त्यांना सांगितलं की केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे, किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही मानू नका. लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचं भलं होतं की वाईट, हे स्वतः पाहा. जे अहिताचं दिसेल ते सोडा, जे हिताचं दिसेल ते आचरा. हा भाग आपण भाषणांत बऱ्याचदा ऐकतो. पण सुत्ताचा शेवट फार कमी सांगितला जातो, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

ज्याचं मन वैर आणि द्वेष यांपासून मोकळं झालं आहे, त्याला चार दिलासे मिळतात, असं बुद्ध म्हणतात. माझ्या शब्दांत सांगायचं तर :

१. परलोक असेल आणि कर्माचं फळ मिळत असेल, तर मला चांगली गती मिळेल.
२. परलोक नसेल, तर याच आयुष्यात मी वैराशिवाय, सुखाने जगतो आहे.
३. वाईट करणाऱ्याचं वाईट होत असेल, तर मी कोणाचं वाईट केलेलंच नाही, मग भीती कसली?
४. तसं होत नसेल, तरी दोन्ही बाजूंनी मी स्वच्छच आहे.

लक्षात आलं का? "पुनर्जन्म आहे हे आधी कबूल करा, मगच माझ्या मार्गावर या," असं बुद्ध म्हणाले नाहीत. असो वा नसो, चांगलं वागणं तोट्याचं ठरत नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. आणि त्याच सुत्ताच्या शेवटी कालाम लोक बुद्ध, धम्म आणि संघाला शरण गेले. शंका घेऊन आलेले लोक उपासक झाले.

कोणी म्हणेल, हे नवख्यांसाठी सांगितलं होतं, पुढे गेलेल्यांसाठी सम्यक दृष्टीत परलोक आहेच. हा आक्षेप खरा आहे. पण दार कोणासाठी उघडं आहे हे विचारलं, तर कालाम सुत्त शंका असणाऱ्यालाही आत घेतं.

बाबासाहेबांनी काय केलं?

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लाखो लोकांनी त्यांच्यासोबत धम्म स्वीकारला. त्याआधी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, आपल्याच पुणे जिल्ह्यात देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली होती.

नागपूरच्या दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या तुम्ही एकदा या नजरेने वाचून पाहा. त्यांत पंचशील आहे, अष्टांगिक मार्ग आहे, दहा पारमिता आहेत, प्राणिमात्रांवर दया आहे. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, असंही आहे. पुढच्या जन्मावर विश्वास ठेवण्याची अट मात्र एकाही प्रतिज्ञेत नाही. जन्माचा उल्लेख आहे तो २१ व्या प्रतिज्ञेत : या दीक्षेने आज माझा नवा जन्म होतो आहे, अशा अर्थाची ती प्रतिज्ञा आहे. म्हणजे मरणाची वाट न पाहता, याच देहात, त्या मैदानावर झालेला जन्म! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या "तुमचा जन्मच तसा" असं ऐकवलं गेलं, त्यांच्यासाठी या एका वाक्याची किंमत किती असेल याचा विचार करा.

बाबासाहेबांचं 'द बुद्ध अँड हिज धम्म' हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी धम्माच्या अभ्यासकाला अडवणारे चार प्रश्न मांडले आहेत. त्यांतला तिसरा आपलाच : आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? पुस्तकात त्यांनी या प्रश्नाचे दोन भाग केले. पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कोणाचा?

कशाचा? पृथ्वी, आप, तेज आणि वायू या घटकांचा. शरीर मेल्यावर हे घटक नष्ट होत नाहीत. ते निसर्गातल्या आपल्यासारख्या घटकांत मिसळतात आणि पुढे त्यांतूनच नवं काही जन्मतं. आपण परिसर अभ्यासात पानाचं खत, खतातून रोप असं शिकवतो, त्याच्या जवळचंच हे आहे. कोणाचा? तोच माणूस पुन्हा जन्मतो, या अर्थाने मात्र नाही.

कर्माबद्दलही त्यांनी असंच केलं. कर्माचा नियम त्यांनी नाकारला नाही. चांगल्या कृतीने समाजात चांगली नैतिक व्यवस्था टिकते, वाईट कृतीने ती बिघडते, असा अर्थ त्यांनी लावला. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्माची गरिबी आणि हीनपणा ठरतो, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचा युक्तिवाद असा की ही कल्पना मानली, तर दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर राहतच नाही. सगळा दोष त्या माणसाच्याच माथी जातो.

जुन्या परंपरेतल्या काही विद्वानांना बाबासाहेबांचा हा अर्थ पटत नाही, हेही सांगायला हवं. पण महाराष्ट्रातले लाखो बौद्ध गेली सत्तरेक वर्षं याच अर्थाने धम्म जगत आहेत.

आणि असा विचार करणारे ते एकटे नाहीत. थायलंडचे भिक्खू बुद्धदास (१९०६-१९९३) हे परंपरेतच वाढलेले. त्यांनी सांगितलं की मनात 'मी' आणि 'माझं' उठतं, तोच जन्म. तो दिवसातून कितीतरी वेळा होतो आणि विचार करायचा तर त्याचा करा. ब्रिटनचे स्टीफन बॅचलर यांनी १९९७ साली 'बुद्धिझम विदाउट बिलीफ्स' हे पुस्तक लिहून पुनर्जन्माबद्दल "मला माहीत नाही" एवढंच म्हणून साधना करता येते, अशी बाजू मांडली. त्यावर भिक्खू बोधींसारख्या विद्वानांनी टीकाही केली. वाद चालू आहे आणि चालू राहील.

आपल्या शाळांतला 'मित्र उपक्रम' आठवा. मुलं डोळे मिटून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देतात. ही आनापान साधना बुद्धांच्या शिकवणीतली. वारकऱ्याचं मूल, मुसलमानाचं मूल, महादेव कोळ्याचं मूल, बौद्धाचं मूल, सगळी एका ओळीत बसतात. पुढच्या जन्माबद्दल तुमचं मत काय, असं तिथे कोणी विचारत नाही. श्वास सगळ्यांचा सारखाच.

मग त्या मुलीचा पाय?

आता मूळ प्रश्न. इथेही आधी प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगते. मज्झिम निकायात सुभ नावाच्या तरुणाला दिलेलं एक उत्तर आहे. त्यात कोणी अल्पायुषी, कोणी रोगी, कोणी गरीब का जन्मतो, याचा संबंध पूर्वकर्माशी जोडलेला आहे. शेजारच्या आजीचं म्हणणं कुठून आलं म्हणाल, तर असे विचार भारतातल्या जवळजवळ सगळ्याच परंपरांत आहेत.

पण त्याच पाली ग्रंथांत, संयुत्त निकायात, दुसरं उत्तरही आहे. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारलं, "माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात. आपलं मत काय?" बुद्धांनी आठ कारणं मोजली. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेली इजा आणि आठवं कर्माचं फळ. सगळं पूर्वकर्मामुळेच होतं म्हणणारे लोक डोळ्यांना दिसणारं आणि जगाने खरं मानलेलं सोडून बोलतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणजे ज्यांना पुनर्जन्म मानायचा आहे, त्यांनाही समोरच्या मुलाच्या दुखण्याकडे बोट दाखवून "हे तुझ्या मागच्या जन्माचं" म्हणायचा अधिकार बुद्ध देत नाहीत. आणि ज्यांना मानायचा नाही, त्यांच्यासाठी बाबासाहेबांचं उत्तर आहेच.

हे मी एवढं ठासून का लिहिते, त्याला कारण आहे. सहलीनंतर मी त्या मुलीच्या आईला भेटले. बोलता बोलता कळलं की लहानपणी एकदा दवाखान्यात दाखवलं होतं, पण नंतर सगळ्यांनी "नशिबात आहे, भोगायचं" म्हटलं आणि पुढे नेलंच नाही. मागच्या जन्मावर ढकललं की या जन्मातला दवाखाना राहून जातो. आम्ही शाळेच्या आरोग्य तपासणीच्या पथकाला तिला मुद्दाम दाखवलं. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोललो. पुढची तपासणी झाली आहे, आता व्यायाम सुरू आहेत. पाय पूर्ण बरा होईल असं कोणी म्हटलेलं नाही, पण ती आता खो-खोच्या वेळी कट्ट्यावर बसून राहत नाही. गुण ठेवायला वही-पेन घेऊन मैदानात असते आणि चुकीचा खो दिला की सगळ्यात मोठ्याने तीच ओरडते.

पुण्यानुमोदन कशासाठी?

काही बौद्ध पालक विचारतात, पुनर्जन्म नाही, तर आपल्याकडे माणूस गेल्यावर जलदान विधी आणि पुण्यानुमोदन का करतात? प्रश्न योग्य आहे. परंपरेनुसार केलेल्या चांगल्या कामाचं पुण्य मृत व्यक्तीला अर्पण करायचं, असा त्याचा अर्थ. आज आपल्याकडे अनेक घरांत तो गेलेल्या माणसाची आठवण ठेवण्याचा, त्याच्या चांगल्या गुणांबद्दल बोलण्याचा आणि त्याच्या नावाने काही दान करण्याचा दिवस झाला आहे. त्रिसरण, पंचशील होतं, लोक चार शब्द बोलतात, कोणी वाचनालयाला पुस्तकं देतं. 'अनुमोदन' म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्या कामात आनंद मानणं. एवढ्या अर्थानेही तो विधी पुरेसा भरलेला आहे. इरिलाच्या टाक्यासारखंच हे आहे. मनातला विश्वास कोणताही असो, पुस्तकं मुलांच्या हातात पडतात.

वर्गात आणि घरी कसं बोलावं?

* मुलाने "पुनर्जन्म असतो का?" विचारलं, तर "काही लोक मानतात, काही मानत नाहीत" असं सांगावं. आपलं मत लादू नये, कोणाच्या घरच्या श्रद्धेची टिंगलही करू नये.
* जातककथा सांगताना "बुद्ध आधी खरंच ससा होते का?" असा प्रश्न आला, तर "या गोष्टीतल्या सशाकडून आपण काय घ्यायचं?" इकडे वळावं. दया, दान, धीर हे त्यांतलं सार.
* आत्मा, अनत्ता हे शब्द प्राथमिक वर्गात आणू नयेत. एका पणतीवर दुसरी पणती लावून दाखवावी आणि मुलांनाच विचारावं, "काय गेलं? काय आलं?"
* लेण्या दाखवायला नेलं तर शिलालेखांतली माणसं सांगावीत. कासार, बांबूकाम करणारे, धान्य व्यापारी, यवन. कोणी काय दिलं याची यादी मुलांकडूनच करून घ्यावी.
* आजार, अपंगत्व, गरिबी, रंग किंवा जात यांचा संबंध कोणी मागच्या जन्माशी जोडत असेल, तर तिथे मात्र "काही मानतात, काही नाही" म्हणून थांबू नये. "हे तुझ्यामुळे झालेलं नाही" असं मुलाला स्पष्ट सांगावं. इथे गप्प राहणं म्हणजे होकार देणं.

थोडक्यात

पुनर्जन्माची कल्पना जुन्या बौद्ध ग्रंथांत आहे आणि ती मानणारे बौद्ध जगभर आहेत. पण ती मानल्याशिवाय धम्म आचरता येत नाही, असं नाही. कालामांना बुद्धांनी शंकेसह मार्ग दाखवला आणि बाबासाहेबांनी महाराष्ट्रातल्या माणसांना आजच नवा जन्म घ्यायला सांगितलं. शील पाळणं, मन स्वच्छ ठेवणं, दुसऱ्याचं दुःख कमी करणं ही कामं या जन्मातली आहेत. ज्याला पुढचा जन्म मानायचा आहे, त्यालाही ती इथेच करावी लागतात.

लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर मी त्या मुलीला "नाही" म्हणाले होते, तेव्हा माझ्याकडे कारण नव्हतं. आता आहे. परवा तिला जवळ बसवून सीवकाची गोष्ट सांगितली, तिला समजेल अशा शब्दांत. आठ कारणं तिने बोटांवर मोजली. मग म्हणाली, "बाई, हे आमच्या शेजारच्या आजीला सांगू?"

मी म्हटलं, "सांग. पण भांडू नकोस हं. समजावून सांग."

तुमच्या वर्गात असा प्रश्न आला होता का? तुम्ही काय उत्तर दिलंत? जरूर कळवा.